‘पळून गेली असेल’: अहवालातला एक शब्द

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर एका मोठ्या शहराजवळ तुम्ही राहता. वरच्या मजल्यावरच्या कृष्णवर्णीय कुटुंबातली पंधरा वर्षांची मुलगी परवा संध्याकाळपासून घरी आलेली नाही. आई पोलिसांकडे जाऊन आली. ‘पळून गेली असेल, येईल दोन दिवसांत’ असं सांगून तिला परत पाठवलं. कुणाच्या फोनवर अँबर अलर्ट, म्हणजे मूल पळवलं गेल्याची तातडीची सार्वजनिक सूचना, वाजला नाही, स्थानिक वाहिनीवर एक ओळ आली नाही. तुम्ही विचारताय, मुलगी गोरी असती तर असंच झालं असतं का? आणि शेजारी म्हणून आपण करायचं काय?

पहिल्याचं उत्तर: बहुधा नसतं झालं. दुसऱ्याचं उत्तर मोठं आहे. हरवलेल्या मुलांच्या कुटुंबांसोबत पोलिस ठाण्यात, शाळेत, वार्ताहरांसमोर बसणं हेच माझं काम आहे, म्हणून जरा तपशिलात सांगते. पण आधी आजच करायची गोष्ट: आईला घेऊन पुन्हा ठाण्यात जा, आणि तक्रार नोंदवून केस नंबर हातात मिळाल्याशिवाय तिथून उठू नका.

‘दोन दिवस थांबा’ हे मुलांच्या बाबतीत कायद्यात बसत नाही. १९९० च्या केंद्रीय कायद्यानं हरवलेल्या मुलाची तक्रार घ्यायला वाट बघायला लावणं बंद केलं. २००३ पासून ही तरतूद २१ वर्षांखालच्या सगळ्यांना लागू आहे. २००६ च्या ॲडम वॉल्श कायद्यानं आणखी पुढे जाऊन सांगितलं की तक्रार आल्यापासून दोन तासांत ती एफबीआयच्या राष्ट्रीय नोंदवहीत, म्हणजे एनसीआयसीमध्ये, गेलीच पाहिजे. नोंद झाली की तिला एक नंबर मिळतो. तो मागा आणि लिहून घ्या. ‘नोंद केली’ असं तोंडी सांगणं आणि नंबर देणं यात फार फरक आहे. ड्यूटीवरचा अधिकारी टाळाटाळ करत असेल तर आवाज न चढवता शिफ्टच्या वरिष्ठांना बोलवायला सांगा. तरीही नाही झालं तर नॅशनल सेंटर फॉर मिसिंग अँड एक्स्प्लॉइटेड चिल्ड्रन या संस्थेला १-८००-८४३-५६७८ वर दिवसरात्र केव्हाही फोन करा, आणि राज्याच्या मिसिंग चिल्ड्रन क्लिअरिंगहाऊसला, म्हणजे हरवलेल्या मुलांची माहिती एकत्र ठेवणाऱ्या कार्यालयाला, कळवा. असं कार्यालय प्रत्येक राज्यात आहे.

आता खऱ्या दुखण्याकडे येऊ. लोकांना वाटतं, प्रश्न टीव्हीचा आहे. टीव्ही ही शेवटची पायरी आहे. गोष्ट बिघडते ती पहिल्या तासात, अहवालात ‘रनअवे’, म्हणजे पळून गेलेली, हा शब्द पडतो तेव्हा. कायदा तक्रार घ्यायला लावतो, नोंद करायला लावतो. पण तपास किती जोरात करायचा, हे तो सांगत नाही. ते ठरतं त्या मुलीकडे कुठल्या नजरेनं पाहिलं गेलं त्यावर. ‘पळून गेली’ म्हटलं की ती संकटात सापडलेली पोर राहत नाही, आईबापांना न जुमानणारी कारटी होते.

भारतातून आलेल्या आपल्या लोकांना हे लवकर लक्षात येत नाही, कारण तिकडे उलटं आहे. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बचपन बचाओ आंदोलनाच्या खटल्यात सांगितलं की मूल हरवल्याची तक्रार आली की अपहरण किंवा तस्करी झाली असं गृहीत धरून एफआयआर नोंदवायचा. अंमलबजावणी कशी होते तो भाग वेगळा, पण निदान गृहीतक मुलाच्या बाजूचं आहे. अमेरिकेत असं कुठलंच गृहीतक नाही. ती जागा रिकामी आहे आणि तिथे पूर्वग्रह येऊन बसतो.

पूर्वग्रह म्हणजे काय, तेही नीट समजून घ्या. जॉर्जटाउन विद्यापीठाच्या २०१७ च्या अभ्यासात दिसलं की कृष्णवर्णीय मुली त्याच वयाच्या गोऱ्या मुलींपेक्षा मोठ्या माणसांना कमी निरागस, जास्त ‘जाणत्या’ वाटतात, आणि हे पाचव्या वर्षापासूनच सुरू होतं. जिच्याबद्दल ‘हिला सांभाळून घ्यायला हवं’ असं वाटतच नाही, ती दोन रात्री बाहेर राहिली तर काळजी कुणाला वाटणार? पंधरा वर्षांच्या मुलीबद्दल ‘बॉयफ्रेंडकडे असेल’ हे वाक्य किती सहज तोंडातून निघतं ते ऐका. पंधराव्या वर्षी तिला घरात ठेवून घेणारा ‘बॉयफ्रेंड’ सव्वीस वर्षांचा असेल, तर तो गुन्ह्याचा धागा आहे, तपास बंद करायचं कारण नव्हे.

आणि ती खरोखरच स्वतःच्या पायांनी गेली असेल तर? शक्य आहे. वर सांगितलेल्या नॅशनल सेंटरकडे येणाऱ्या प्रकरणांत नव्वद टक्क्यांहून जास्त मुलं घर किंवा संगोपनगृह सोडून गेलेलीच असतात. पण २०२२ मध्ये अशा पंचवीस हजारांहून जास्त मुलांची माहिती त्यांच्याकडे आली, त्यातलं दर सहांपैकी एक मूल लैंगिक शोषणासाठी होणाऱ्या तस्करीत सापडलेलं असण्याची शक्यता त्यांनी नोंदवली. घरातून निघणं स्वतःच्या मर्जीनं झालं असेल, पुढचं मर्जीनं होत नाही. म्हणून ठाण्यात ‘ती पळून गेलेली नाही’ असा वाद घालूच नका. तो वाद तुम्ही हराल, आणि उद्या तिनं मैत्रिणीला पाठवलेला एखादा मेसेज सापडला तर आईच्या शब्दाची किंमतही जाईल. वाद घालायचा तो एवढ्यावर: कशीही गेली असली तरी ती धोक्यात आहे, आणि हे अहवालात लिहा.

एनसीआयसीमध्ये हरवलेल्या व्यक्तीची नोंद ठरावीक वर्गांत होते. ‘जुव्हेनाइल’ हा बाकी कुठल्या वर्गात न बसणाऱ्या अल्पवयीनांसाठीचा सैल वर्ग. ‘एन्डेंजर्ड’ म्हणजे जिवाला धोका असू शकतो अशी परिस्थिती. ‘इनव्हॉलंटरी’ म्हणजे मर्जीविरुद्ध गेल्याची लक्षणं. ‘डिसॅबिलिटी’ हाही एक वर्ग आहे. परिस्थितीचा वेगळा रकाना असतो, त्यात ‘रनअवे’ भरता येतं, पण तो ऐच्छिक आहे. कारण माहीत नसेल तर ते माहीत नाही असंच राहू द्या, असं आईनं स्पष्ट म्हणावं. आणि ‘एन्डेंजर्ड’साठी पुरावा घेऊन जावा. नुसती काळजी कागदावर येत नाही, वस्तुस्थिती येते. दमा आहे आणि इनहेलर कपाटातच राहिलाय. मधुमेहाचं किंवा नैराश्याचं औषध रोज लागतं आणि आजचा तिसरा डोस चुकला. चार्जर, जाकीट, पैसे, ठेवणीतले बूट घरीच आहेत. इन्स्टाग्रामवर अनोळखी मोठ्या माणसाशी बोलणं चालू होतं. शाळेत कुणी धमकावत होतं. परवा तिची परीक्षा होती, शनिवारी मैत्रिणीचा वाढदिवस होता, ज्यासाठी ती महिनाभर पैसे साठवत होती. अशा आठ-दहा ओळी एका कागदावर लिहा, तारीख घाला, दोन प्रती काढा. एक अधिकाऱ्याच्या हातात द्या आणि ‘हे अहवालाला जोडा’ म्हणा. तोंडी सांगितलेलं शिफ्ट बदलली की विरून जातं.

वर्गावर एवढा भर का, तर पुढची सगळी दारं त्याच किल्लीनं उघडतात. जिवाला धोका आहे अशी नोंद असली की पोलिस कोर्टाच्या आदेशाची वाट न बघता मोबाइल कंपनीकडे तातडीची मागणी करून फोनचं ठिकाण मागू शकतात. नुसतं ‘रनअवे’ असेल तर तो अर्ज सहसा कुणी भरतच नाही. अनेक राज्यांत अँबरपेक्षा खालच्या पातळीची, धोक्यात असलेल्या व्यक्तीसाठीची सूचना काढता येते. तीही याच वर्गावर अवलंबून.

अँबर अलर्टबद्दल तुमचा राग समजतो, पण तिथे ताकद घालवू नका. १९९६ मध्ये टेक्ससमधल्या आर्लिंग्टनमध्ये नऊ वर्षांच्या मुलीला पळवून नेऊन मारलं, त्यातून ही व्यवस्था उभी राहिली. तिचे निकष मुद्दामच कडक ठेवलेत: अपहरण झाल्याची सबळ शंका, जिवाला तातडीचा धोका, वय १७ किंवा कमी, आणि लोकांना ओळखता येईल इतका तपशील, म्हणजे मुलाचं वर्णन, पळवणाऱ्याचं, गाडीचं. पळवून नेताना कुणी पाहिलंच नसेल तर कुठल्याही रंगाच्या मुलासाठी तो सहसा निघत नाही. अन्याय निकषाच्या आधीच्या पायरीवर होतो: ‘अपहरण असू शकतं’ अशी शंका कुणाच्या बाबतीत लगेच येते आणि कुणाच्या बाबतीत येतच नाही.

ही फट भरायला कॅलिफोर्नियानं १ जानेवारी २०२४ पासून ‘एबनी अलर्ट’ सुरू केला. राज्याचे तेव्हाचे सिनेटर स्टीव्हन ब्रॅडफर्ड यांच्या विधेयकातून आलेला हा अलर्ट १२ ते २५ वयाच्या हरवलेल्या कृष्णवर्णीयांसाठी आहे. चांगली गोष्ट आहे, पण तिथेही राज्याचे महामार्ग पोलिस तो काढतात ते स्थानिक ठाण्यानं विनंती केल्यावर. म्हणजे फिरून त्याच टेबलापाशी यावं लागतं. मिनेसोटानं २०२३ मध्ये हरवलेल्या आणि खून झालेल्या कृष्णवर्णीय स्त्रिया व मुलींसाठी स्वतंत्र कार्यालयच काढलं, देशात पहिलं. तुमच्या राज्यात काय आहे ते क्लिअरिंगहाऊसला विचारा.

आता वर्णन, कारण इथे होणारी चूक मी सगळ्यात जास्त पाहते आणि ती टाळता येते. ‘कृष्णवर्णीय मुलगी, पाच फूट चार इंच, काळे केस, तपकिरी डोळे’ यावरून रस्त्यात कुणालाच कुणी सापडणार नाही. त्वचेच्या छटेसाठी एनसीआयसीमध्ये वेगळा रकाना आहे: फिकट तपकिरी, मध्यम तपकिरी, गडद तपकिरी वगैरे. तो भरून घ्या. केसांचं तर फारच बारकाईनं सांगा. बॉक्स ब्रेड्स (चौकोनी भाग पाडून घातलेल्या वेण्या) होत्या की लॉक्स (जटांसारख्या बटा), की ट्विस्ट्स (पीळ दिलेल्या बटा)? खांद्यापर्यंत की कमरेपर्यंत? वेणीत लाल किंवा सोनेरी धागा गुंफला होता का? विग होता का, आणि त्याखाली तिचे स्वतःचे केस कसे आहेत? ब्रेड्स एका रात्रीत उसवता येतात आणि विग उतरवला की चेहराच बदलतो. म्हणून पोस्टरवर दोन फोटो हवेत: एक परवाच्या केशरचनेचा, एक साध्या केसांचा. फिल्टर लावलेला नको, दिवसाच्या उजेडातला हवा, नाहीतर फोटोकॉपीत चेहऱ्याच्या जागी नुसता काळा डाग येतो. शाळेचा वार्षिक फोटो चालेल, पण सहा महिन्यांपेक्षा जुना नको. आणि हे फोटो आईनंच निवडून द्यावेत. नाही दिले तर वार्ताहर तिच्या सोशल मीडियावरून स्वतः निवडतात, आणि पार्टीतला, मेकअप केलेला, वीस वर्षांची दिसणारी मुलगी असलेला फोटोच छापून येतो.

घरात काय करायचं? तिची खोली आवरू नका. उशीचा अभ्रा किंवा न धुतलेला टी-शर्ट हातमोजे घालून कागदी पिशवीत ठेवा. प्लास्टिकमध्ये ओल धरते आणि शोधकुत्र्यासाठी वास बिघडतो. टूथब्रश आणि कंगवा वेगवेगळ्या कागदी पाकिटांत घाला, पुढे डीएनएसाठी लागू शकतात. कायद्यानं पोलिसांना तीस दिवसांत तिच्या नोंदीत दातांची आणि वैद्यकीय माहिती जोडायची असते, म्हणून दंतवैद्याचं नाव आजच काढून ठेवा. फोनचं बिल थकलं असेल तर भरा, प्रीपेड असेल तर रिचार्ज करा. नंबर बंद पडला की मोठा धागा गेला. फॅमिली शेअरिंगमध्ये शेवटचं ठिकाण दिसत असेल तर वेळेसकट स्क्रीनशॉट घ्या. मात्र तिचे पासवर्ड बदलू नका, घरच्या टॅबलेटवर ती लॉग-इन असेल तर लॉग-आउट करू नका, फोन दूरवरून पुसायचा तर विचारही नको.

हे झाल्यावर शेजारी म्हणून तुमच्या वाट्याला येणारं सगळ्यात उपयोगी काम म्हणजे कॅमेरे. कोपऱ्यावरचं दुकान, पेट्रोल पंप, बसथांब्यासमोरचं घर, शाळेचं फाटक. अनेक ठिकाणी जुनं चित्रण काही दिवसांत आपोआप पुसलं जातं. दुकानदार तुम्हाला फुटेज देईलच असं नाही, पण ‘अमुक तारीख, अमुक वेळ, कृपया जपून ठेवा, पोलिस मागतील’ असं लिहिलेली चिठ्ठी देऊन त्याचं नाव टिपून घ्या. ही यादी तपास अधिकाऱ्याला ईमेलवर पाठवा. ईमेलच, कारण त्यावर तारीख राहते. कॅमेऱ्याचं घड्याळ मागेपुढे असतं, म्हणून त्याच्या पडद्यावरची वेळ आणि तुमच्या फोनवरची वेळ दोन्ही लिहा. उन्हाळी वेळ बदलताना तासाचा घोळ हमखास होतो.

माध्यमांचं आता. ग्वेन आयफिल या ज्येष्ठ कृष्णवर्णीय पत्रकारांनी २००४ मध्ये पत्रकारांच्या एका अधिवेशनात या रोगाला नाव दिलं: ‘मिसिंग व्हाइट वुमन सिंड्रोम’. गोरी स्त्री हरवली की दिवसरात्र बातमी, बाकीच्यांसाठी शुकशुकाट. झॅक सॉमर्स या संशोधकानं २०१६ मध्ये एफबीआयच्या आकड्यांशी ऑनलाइन बातम्या ताडून पाहिल्या. कृष्णवर्णीयांवर अन्याय दोनदा होत होता. एकतर त्यांची बातमी येण्याचं प्रमाण कमी, आणि आली तरी तिचा पाठपुरावा कमी. २०२० मध्ये अमेरिकेत हरवल्याची नोंद झालेल्या २,६८,८८४ मुली आणि स्त्रियांपैकी ९०,३३३ कृष्णवर्णीय होत्या, म्हणजे जवळजवळ ३४ टक्के. देशातल्या स्त्रियांत त्यांचा वाटा याच्या निम्माही नाही. २०२१ च्या सप्टेंबरमध्ये व्हॅनमधून भटकंतीला निघालेल्या बावीस वर्षांच्या गोऱ्या मुलीसाठी सारा देश टीव्हीसमोर बसला होता. त्याच आठवड्यांत इलिनॉयमध्ये एका कृष्णवर्णीय पदव्युत्तर विद्यार्थ्याची आई ‘माझ्या मुलाकडेही बघा’ म्हणून विनवत होती. त्या मुलीसाठी झालं ते योग्यच झालं. तेवढंच सगळ्यांसाठी व्हावं, एवढीच मागणी आहे.

शिकागोतलं उदाहरण तर डोळ्यांत अंजन घालणारं आहे. तिथे १० ते २० वयाच्या कृष्णवर्णीय मुली आणि तरुणी शहराच्या लोकसंख्येत सुमारे २ टक्के, पण हरवलेल्यांच्या प्रकरणांत सुमारे ३० टक्के. सिटी बुरो आणि इन्व्हिजिबल इन्स्टिट्यूट या दोन छोट्या संस्थांच्या सारा कॉनवे आणि ट्रिना रेनॉल्ड्स-टायलर यांनी हे पोलिसांच्याच नोंदींतून खणून काढलं आणि २०२४ चं स्थानिक वार्तांकनाचं पुलित्झर पारितोषिक मिळवलं. नियमात नसलेली ‘थांबा’ ही सूचना कुटुंबांना दिली जाते, हेही त्यांनीच दाखवून दिलं.

वाहिनीला गाठायचं कसं? स्थानिक वाहिनीच्या असाइनमेंट डेस्कला, म्हणजे कुठल्या बातमीवर कुणाला पाठवायचं ते ठरवणाऱ्या विभागाला, सकाळच्या बैठकीआधी, साधारण साडेआठच्या सुमारास फोन करा. पहिला प्रश्न येईल, ‘पोलिसांनी काही पत्रक काढलंय का?’ नसेल तर विषय तिथेच संपतो. म्हणून आधी केस नंबर, वर्ग आणि पोलिसांच्या माहिती अधिकाऱ्याचं नाव मिळवा, मगच फोन लावा. अर्ध्या पानाचं निवेदन पुरे: नाव, वय, शेवटचं कुठे आणि किती वाजता दिसली, अंगावर काय होतं, धोका कशामुळे, केस नंबर, पोलिसांचा फोन. आईचा वैयक्तिक नंबर कधीच देऊ नका. ‘मुलगी आमच्याकडे आहे, पैसे पाठवा’ असे खोटे फोन येतात, काही तासांत येतात. बोलणारी व्यक्ती एकच ठेवा. तिनं मुलीचं नाव, तिला काय आवडतं, तिचा हसरा स्वभाव, याबद्दल बोलावं. पोलिसांवरचा संताप पहिल्या दिवशीच्या मुलाखतीत नको. तो खरा असला तरी बातमी मुलीवरून सरकून भांडणावर जाते.

ब्लॅक अँड मिसिंग फाउंडेशनलाही लगेच कळवा. डेरिका विल्सन आणि नॅटली विल्सन या नणंद-भावजयांनी २००८ मध्ये ती काढली. एकीला पोलिसातला अनुभव, दुसरीला जनसंपर्कातला, आणि या कामात नेमकी हीच दोन टोकं जोडावी लागतात. शहरातली कृष्णवर्णीयांची वृत्तपत्रं, रेडिओ, रविवारी चर्चमधून होणाऱ्या सूचना, केस विंचरण्याची सलून्स: बातमी तिथून खरंच फिरते.

तुमच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर पोस्टर जरूर टाका, पण पोलिसांचं किंवा संस्थेचं मूळ पोस्टरच, स्वतः काही न जोडता. २०१७ च्या सुरुवातीला वॉशिंग्टन डीसीच्या पोलिसांनी हरवलेल्यांचे फोटो ट्विटरवर नेमानं टाकायला सुरुवात केली. बहुतेक चेहरे कृष्णवर्णीय मुलींचे होते. लोक हादरले, ते योग्यच होतं. पण मग ‘चोवीस तासांत चौदा मुली गायब’ असा खोटा आकडा पसरला. तो आकडा खोडला गेला तशी चर्चा ‘अफवा’ या शब्दावर घसरली, आणि खरा प्रश्न, की या मुली एरवी दिसतच का नव्हत्या, मागे पडला. महापौरांनी पुढे या कामावरचे अधिकारी वाढवले, ते त्या गदारोळामुळेच, हेही खरं. तरी चुकीचा आकडा कधीही आपल्याच अंगावर येतो.

परिस्थितीनुसार काय बदलतं, तेही सांगून ठेवते. मुलगी फॉस्टर केअरमध्ये, म्हणजे सरकारी देखरेखीखाली दुसऱ्या कुटुंबात किंवा संगोपनगृहात, असेल तर बालकल्याण खात्यानं चोवीस तासांत पोलिसांना आणि नॅशनल सेंटरला कळवणं बंधनकारक आहे. कळवलं का ते विचारा. काही राज्यांत घर सोडून जाणं हाच अल्पवयीनांसाठीचा गुन्ह्यासारखा प्रकार धरतात, त्यामुळे ‘पोरगी कोर्टात जाईल’ या भीतीनं आया गप्प बसतात. घरावर बालकल्याण खात्याची आधीच नजर असेल तर ती भीती दुप्पट. या भीतीला वेडेपणा म्हणू नका, तिला आधार आहे. आई डगमगत असेल तर नॅशनल रनअवे सेफलाइनला १-८००-७८६-२९२९ वर आधी बोलू द्या. ती ओळ मुलांसाठी तशीच पालकांसाठीही आहे, आणि मुलाला परत यायचं असेल तर घरापर्यंतचं बसचं तिकीटही फुकट मिळवून देते. ठाण्यात तुम्ही सोबत असणं उपयोगी पडतं, पण बोलायचं आईनं. तुम्ही पुढे होऊन बोलू लागलात तर अधिकारी तुमच्याशी बोलेल आणि ती माउली बाजूला पडेल. तुम्ही वही घेऊन बसा: कोण बोललं, बॅज नंबर काय, किती वाजता, काय कबूल केलं.

मुलगी परत आली तर, आणि बहुतेक मुलं परत येतात, पहिल्या तासात ‘कुठे होतीस’ नको. दुखतंय का, कुणी काही केलं का, डॉक्टरांकडे जाऊया का, हे विचारा. वैद्यकीय पुरावा थोडेच दिवस टिकतो आणि अंघोळीनं जातो. मग तुम्ही लावलेली सगळी पोस्टरं काढा, पोस्ट पुसा, गटांवर पुसायला सांगा. तिचं नाव शोधलं की ‘हरवलेली’ हेच पहिलं यायला नको. आणि पोलिसांना फोन करून एनसीआयसीमधली नोंद रद्द झाली का ते नंबर वाचून पक्कं करून घ्या. ती नोंद चुकून राहिली तर पुढच्या महिन्यात एखाद्या साध्या वाहतूक तपासणीत तिचं नाव संगणकावर उमटतं, आणि मैत्रिणीच्या गाडीत मागे बसलेल्या या मुलीला रस्त्याच्या कडेला उतरवून घेतलं जातं.